कापसातलं सोनं

इंगळे सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. अकोटहून त्यांचा भाचा बोलत होता. "आत्या गेली. आज सकाळी," एवढंच म्हणाला. लॅबच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. काचेच्या नळ्यांच्या रांगेतून ते भिंतीवर पडत होतं आणि तिथे पिवळसर ठिपके हलत होते. फोन ठेवून मी त्या ठिपक्यांकडे पाहत बसले. रडू आलं नाही. डोळ्यांपुढे आली ती त्यांच्या घरातली मधली खोली, पिवळा पडदा, आणि पडद्यातून गाळून आलेल्या उजेडात मांडी घालून बसलेल्या सिस्टर. पुढ्यात कापसाचा पांढरा ढीग. किती वर्षं झाली, त्यांची आठवण आली की पहिल्यांदा तो ढीगच दिसतो.

मी मूळची अकोल्याची. अमरावतीच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा तिथल्या बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मुख्य नर्स इंगळे सिस्टर होत्या. त्यांच्या घराची वरची खोली रिकामी आहे असं कोणी तरी सांगितलं म्हणून विचारायला गेले. भाडं किती, आगाऊ किती, हे काही त्या बोलल्याच नाहीत. खुर्चीवर बसवलं, पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि विचारलं,

"पगार झाला का काय करतं?"

"घरी पाठवते."

"अन् उरला तर?"

"बँकेत ठेवते."

त्यांनी थोडा विचार केला. "ठेव. बँकेत ठेव. पन सगळं नको ठेवू. थोडं असं ठेवत जाय का जे कोनाच्या सहीनं बंद होत नाई."

खोली मिळाली. सात वर्षं मी त्या घरात राहिले.

बुटक्या, सावळ्या, रुंद कपाळाच्या. वॉर्डात सगळे धावायचे, त्या चालायच्या. पाय घासत, सावकाश, आणि तरी ज्या खाटेपाशी हवं तिथे सगळ्यांच्या आधी पोचलेल्या असायच्या. हात साबणानं धुऊन धुऊन कोरडे पडलेले. गळ्यात काळ्या मण्यांची पोत, तिच्यात सोन्याचा एक मणी नाही. कानांची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत कडुलिंबाच्या बारीक काड्या. नव्या आलेल्या पोरींना वाटायचं, सिस्टरची परिस्थिती बेताची असावी. मलाही तसंच वाटलं होतं. पहिला पगार होईपर्यंत.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या ड्यूटीवरून सरळ सराफ्यात जायच्या. त्या दिवशी मलाही सोबत नेलं. गल्लीच्या टोकाला एक अरुंद दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या शेठनी त्यांना पाहिल्याबरोबर, काही न विचारता, गुलाबी कागदाची एक पुडी काढून ठेवली. पुडीत वेढणं होतं. चोख सोन्याच्या तारेचा साधा वेढा. त्याला नक्षी नाही, खडा नाही, सांधा नाही. दिसायला अंगठी, पण बोटात घालायची नव्हे, नुसती जपून ठेवायची. ज्या महिन्यात तेवढे पैसे नसत त्या महिन्यात चांदीचं नाणं. वेढणं वजन करून झालं की सिस्टर डोळे मिटत आणि ते क्षणभर पापणीवर ठेवत. गिऱ्हाइकांसमोर, भर दुकानात. शेठ तेवढा वेळ हातातली पुडी उघडी धरून थांबायचे.

"डोये थंड होतेत," बाहेर आल्यावर मला म्हणाल्या.

"मग एखादी बांगडी तरी करा की, सिस्टर. अंगावर दिसेल."

"बांगडी केली का तिच्यात जीव गुतते. हे लग्नातली, हे दिवाळीतली. मंग वाईट दिवस आला का मानूस बांगडीकडे पाहून रडत बसते. या वेढ्याकडे पाहून कोन रडन?"

संध्याकाळचा उजेड गल्लीत तिरपा पडला होता. दुकानांतल्या दिव्यांखाली मांडलेले हार झगमगत होते, आणि त्या सगळ्या झगमगाटातून सिस्टर पाय घासत चालल्या होत्या, कोणत्याच काचेकडे न पाहता. ब्लाउजमध्ये खोचलेल्या बटव्यात ती गुलाबी पुडी होती.

याच्यामागं एक गोष्ट होती. ती त्यांनी मला सलग कधी सांगितली नाही. डाळ निवडताना थोडी, गच्चीवर कपडे वाळत घालताना थोडी. त्यांची आई अकोटजवळच्या एका गावात मजुरी करायची. हातांत चांदीचे दोन जाड गोठ होते, तिच्या आईकडून आलेले. दुष्काळाच्या वर्षी काम नव्हतं, दाणे नव्हते. तेव्हा लहानग्या सुमनला, म्हणजे सिस्टरना, घेऊन ती पायी अकोटला गेली. दोन्ही गोठ एकदम मोडायचे नव्हते, म्हणून सराफानं एकच घेतला, आणि तोही छिन्नीनं मधोमध तोडून अर्धा. त्या अर्ध्याची ज्वारी डोक्यावर घेऊन मायलेकी परत निघाल्या.

"रस्ताभर आई एका हातानं दुसरं मनगट धरून चालून राह्यली होती. म्या इचारलं, दुखते काय वं? ते म्हने, दुखत नाई. सवय नाई."

पुढच्या हंगामापर्यंत दोन्ही गोठ तुकड्या-तुकड्यांनी संपले. पण घरातलं कोणी दगावलं नाही. "आईच्या हातातल्या चांदीवर आमी पाच जनं जगलो," त्या म्हणायच्या, आणि ताटातल्या डाळीत पुन्हा खडे शोधू लागायच्या.

वॉर्डात तर त्यांना हे रोजच दिसत होतं. एकदा अचलपूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली बाई सुनेला घेऊन आली होती. बाळंत झाल्यावर सुनेचं रक्त थांबेना. औषधं बाहेरून आणायची होती, महाग होती. बाईनं गळ्यातलं डोरलं सोडलं आणि मुठीत धरून उभी राहिली. कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं. सिस्टरची ड्यूटी नुकतीच संपली होती. त्यांनी मला हाक मारली, बाईला घेतलं, ऑटो केला. गणवेश तसाच अंगावर.

दुकानात शेठनी डोरलं दगडावर घासलं, वजन केलं.

"गहान ठेवून द्या," बाई म्हणाली. "सुगी झाली का सोडवून नेईन."

सिस्टर तिच्याकडे वळल्या. "गहान नको ठेवू, बाई. गहान ठेवलेलं रोज हाक मारते. इकून टाक. ज्या कामासाठी होतं त्या कामाले आलं, असं समज." मग शेठना म्हणाल्या, "अन् तुमी घट धरू नका आज."

"सिस्टर, तुम्ही दर आठवड्याला एक माणूस आणता. घट धरायची नाही तर मी खायचं काय?"

"दर महिन्याले मी येते न. ते खा."

शेठ हसले. घट म्हणून त्यांनी वजनातून थोडं कापलं, पण नावापुरतं. सून वाचली. तीन महिन्यांनी ती बाई नात दाखवायला आली तेव्हा तिचा गळा अजून मोकळाच होता. सिस्टरनी गळ्याकडे पाहिलं नाही. पोरीला घेतलं, उजेडाकडे नेलं आणि तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून आतला लाल रंग पाहिला. खूश झाल्या.

सकाळी पेपर आला की त्या आधी सोन्या-चांदीचा भाव पाहायच्या. कोणालाही वाटेल, घरात सोनं असलेल्या बाईला भाव वाढला की आनंद होत असेल. त्यांचं उलट होतं. भाव एकदम चढला की चेहरा उतरायचा.

"काय झालं, सिस्टर?"

"आज लय वाढलं. म्हंजे कुठी तरी मानसायले भेव वाटून राह्यलं. भेलं का मानूस सोनं घेते."

मग दिवसभर त्या कुठल्या तरी दूरच्या गावातल्या, नाव माहीत नसलेल्या भ्यालेल्या माणसांचा विचार करत असाव्यात. भाजीत मीठ विसरायचं.

दवाखान्यातल्या बऱ्याच जणांनी एका पतसंस्थेत पैसे गुंतवले होते. व्याज भरपूर होतं. सिस्टरनाही खूप आग्रह झाला, त्या गेल्या नाहीत. एके सकाळी त्या पतसंस्थेच्या दाराला कुलूप दिसलं, आणि आठवडाभर दवाखान्याच्या जिन्यावर, कॅन्टीनमध्ये, जिथे तिथे लोक डोक्याला हात लावून बसलेले. कोणी तरी सिस्टरना म्हणालं, तुम्ही हुशार निघालात. त्यांना ते आवडलं नाही.

"हुशार कायची? मी भेदरट हाओ," घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या. "तुमी सगळ्यायनं पैसा जमा केला. म्या भेव जमा केलं."

त्यांचे यजमान प्रल्हादराव. मी त्यांना दादा म्हणायची. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनांच्या धडधडाटात काढलेली. निवृत्त होईपर्यंत त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते. उंच, वाळकुडे, हसतमुख. बहिरेपणाबद्दल कधी चिडचिड नाही. कोणी बोलू लागलं की ते त्याच्या तोंडाकडे प्रेमानं पाहायचे आणि मान हलवायचे. दूधवाला उद्या येणार नाही म्हणून सांगून जायचा, दादा मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन फाटकाशी उभे. एखाद्या तळ्याच्या तळाशी बसून वरच्या माणसांकडे पाहावं तसं ते जगाकडे पाहत होते. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि वर मी.

दिवाळी झाली की सिस्टरचा भाऊ अकोटकडून नवा कापूस पाठवायचा. एक पिशवीभर, सरकीसकट, शेतातून वेचून आणलेला. मला वाटायचं, गादीसाठी असेल. एका रविवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. मधल्या खोलीचा पिवळा पडदा ओढला होता. चटईवर दादा बसले होते. सिस्टरनी धान्याच्या कोठीतून एक स्टीलचा डबा काढला आणि उपडा केला. जुन्या, मळकट झालेल्या कापसाची बोंडं घरंगळली.

"कापूस बदलाचा हाय. माहे डोये आता साथ देत नाईत. एखादं राह्यलं-बिह्यलं तर."

मी एक बोंड उकललं. सरकीच्या जागी वेढणं होतं. दुसरं उकललं, त्यातही. सिस्टर प्रत्येक बोंडातली सरकी काढून तिथे वेढणं ठेवत आणि वरून कापूस दाबत. वर्षानुवर्षांचे महिने तिथे पडले होते, एकेक पगाराचा एकेक वेढा. बाहेर कडुलिंबावर होले घुमत होते. खोलीत पडद्यातून येणारा उजेड, कापसाचे तरंगणारे तंतू आणि तिघांच्या बोटांची हालचाल. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

"कापसात कशाला ठेवता?" मी विचारलं.

"वाजत नाई," सिस्टर म्हणाल्या.

दादांनी एक बोंड तळहातावर घेतलं, माझ्यापुढे धरलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हे आमचे लेकरं!"

"चूप बसा," सिस्टर म्हणाल्या. त्यांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. ते हसत राहिले.

कानाच्या मशीनचा एक कागद दादांनी कुठून तरी आणला होता. दोन्ही कानांची मशीनं, चांगल्यापैकी. किंमत पाहून सिस्टरनी तो कागद बाजूला ठेवला. बँकेतलं होतं नव्हतं ते घराच्या स्लॅबमध्ये गेलं होतं. मशीन घ्यायचं तर डबा उघडावा लागणार.

"अजून बरं येते तुमाले ऐकू," त्या दादांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, समजावल्यासारखं, "पुढं याच्याहून वाईट दिवस येनार हायेत, मीना. आमाले लेकरू नाई. उद्या कोनी खाटेवर पडलं तर कोन हाय?"

दादांनी मान हलवली. त्यांना काय कळलं कोण जाणे. काही दिवसांनी तो कागद मला पेपरच्या रद्दीखाली दिसला, चार घड्या घातलेला.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी मी दवाखान्यातून दुपारीच घरी आले. दादा अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून हसले, "आज लवकर?" मी हात हलवला आणि जिन्याकडे वळले. तेवढ्यात आतून आवाज आला. ओरडल्याचा नव्हे. थकलेला, एकसुरी, जसं काही कोणी पाढे म्हणावेत.

"अहो... अहो..."

मी आत धावले. न्हाणीघरात सिस्टर पडल्या होत्या. एक पाय अंगाखाली दुमडलेला, लुगडं भिजलेलं. डोळे कोरडे.

"किती वेळ झाला?"

"पडली तवा ऊन फरशीवर होतं. आता पाह्य, भिंतीवर गेलं."

मी त्यांना उठवायला वाकले तेव्हा दारात दादा आले. माझं धावणं पाहून उठले असावेत. मुठीत तुरीचे दाणे तसेच. बायकोला तशा अवस्थेत पाहून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. दाणे गळून पडले.

"सुमन," ते म्हणाले, "तू हाक काहून नाई मारली?"

सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

मनगटाला प्लास्टर, मुरगळलेला पाय आणि महिनाभर खाट, एवढ्यावर निभावलं. पण त्या बोलेनाशा झाल्या. मी संध्याकाळी शेजारी जाऊन बसायची. एक दिवस छताकडे पाहत त्या म्हणाल्या,

"म्या एवढे वर्सं त्या दिवसाची वाट पाह्यली, मीना. मले वाटे, तो मोठा असन, गाजावाजा करत येईन. आईच्या वेळी आला तसा. हा तं मांजरावानी आला अन् कवाचा घरात बसला होता. मी त्याच्या पुढ्यातून भाकर वाढत होती."

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"न्हाणीत पडल्या पडल्या मले वाटलं, हे मानूस तीन-चार वर्सं झाले असंच पडून हाय. आपल्याले हाका मारून राह्यलं अन् आपनच आयकून नाई राह्यलो."

काठी घेऊन चालता येऊ लागल्यावर आम्ही सराफ्यात गेलो. दुकान तेच, शेठ आणखी वाकलेले. नेहमीप्रमाणे त्यांनी गुलाबी कागदाच्या पुडीकडे हात नेला.

"आज घ्याचं नाई, शेठ," सिस्टर म्हणाल्या. "आज द्याचं हाय."

कापसाची बोंडं त्यांनी एकेक करून काचेवर ठेवली. शेठनी ती हळूच उकलली. बराच वेळ वेढण्यांकडे पाहिलं. सगळी त्यांच्याच हातची. मग न राहवून म्हणाले, "सिस्टर, थोडं थांबा. भाव अजून चढणार आहे. दिवाळीपर्यंत थांबलात तर..."

"तुमी वजन करा."

शेठनी तराजू पुढे ओढला. दुसऱ्यांना त्यांनी कितीदा या काचेपाशी आणून उभं केलं होतं, धीर दिला होता. आता स्वतः उभ्या होत्या आणि वेढणी तराजूत पडताना प्रत्येकाबरोबर त्यांच्या तोंडून बारीकसा श्वास सुटत होता. नक्षी नसलेल्या त्या साध्या वेढ्यांत त्यांचाही जीव गुंतला होता. मला ते दिसलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. पैसे घेतल्यावर उरलेला कापूस त्यांनी गोळा करून पिशवीत भरला. शेठ म्हणाले, राहू द्या, टाकून देतो. त्या म्हणाल्या, "नाई. चांगला हाय."

कानाची डॉक्टर अकोल्याला होती, माझ्या ओळखीची. तपासण्या, कानाचे साचे, पुन्हा पंधरा दिवसांनी यायचं, असं सगळं झालं. शेवटी मशीनं बसवायचा दिवस आला. मीही रजा काढून गेले होते. डॉक्टरनी दोन्ही कानांमागे ती लहानशी यंत्रं अडकवली, कॉम्प्युटरवर काही केलं आणि सिस्टरना खुणावलं, बोला.

पण दादाच आधी बोलले. वर पाहत म्हणाले, "हे काय वाजून राह्यलं?"

"पंखा," डॉक्टर म्हणाली.

दादा पंख्याकडे पाहतच राहिले. सिस्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. गुडघ्यांवर हात. एखाद्या परीक्षेला बसल्यासारख्या.

"येते काय ऐकू?"

दादांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळ्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि डोळे भरले.

"सुमन," ते म्हणाले, "तुहा आवाज म्हतारा झाला वं."

सिस्टर हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. डॉक्टर उगाच कॉम्प्युटरकडे पाहू लागली.

परतीच्या गाडीत दादा खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूरपर्यंत ते डोळे मिटून ऐकत होते. टायरांचा आवाज, मागच्या बाकावरच्या पोराचं रडणं, कंडक्टरची शिट्टी. मग एकदम उठून ड्रायव्हरकडे गेले आणि म्हणाले, "भाऊ, दुसरा गिअर टाकताना घासते तुही गाडी. डेपोत सांगजो." ड्रायव्हर म्हणाला, महिनाभर सांगून राह्यलो, कोणी ऐकत नाही. दादा परत येऊन बसले ते एखादं बक्षीस मिळाल्यासारखे.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष त्या घरात फार बोलणं झालं. सिस्टरजवळ किती तरी वर्षांचं साचलं होतं. वॉर्डातल्या बाया, कोणती वाचली, कोणती नाही, कोणाला कोणत्या पहाटे जुळं झालं. दादा ऐकायचे. कधी कधी दुपारी दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवायचे. "आयकून आयकून थकते मानूस," मला म्हणायचे. सिस्टर डबीकडे पाहायच्या आणि न रागावता स्वयंपाकघरात जायच्या.

दादा एका सकाळी अंगणातल्या उन्हात, खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मी तेव्हा अकोल्याला बदलून आले होते. कळल्यावर गेले. सिस्टर शांत होत्या. लोक उठून गेल्यावर मला म्हणाल्या,

"मशीन कानातच होते. म्हंजे म्या शेवटी बोलली ते आयकू गेलं असन ह्यायले."

"काय बोलल्या होत्या?"

"चहा टाकू काय, म्हटलं."

त्यानंतर त्या एकदाच भेटल्या. अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे आल्या होत्या. दादांची मशीनं दुसऱ्याच्या कानाला बसवता येतील का, हे विचारायला. येतात, फक्त साचे नवे करावे लागतात, असं डॉक्टरनी सांगितल्यावर त्या खूश होऊन बसस्टँडवर आल्या आणि मला फोन केला. मी गेले तेव्हा बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक पिशवी.

"ह्यायच्या वर्कशॉपमधला एक जन हाय अकोटले. पार बहिरा. त्याले घेऊन येते. तो म्हनते, पुढच्या महिन्यात पाहू. म्हटलं, नाई बाप्पा, उद्याच."

"आणि साच्यांचे पैसे?"

"हायेत न वेढे. थोडे हायेत. आता भेव कमी वाटते, म्हून कमी हायेत."

भावानं अकोटला राहायला बोलावलंय, अमरावतीचं घर भाड्यानं देणार, असं काहीबाही सांगत होत्या. सोन्याचा भाव त्या दिवसांत रोज नवीन उंची गाठत होता, स्टँडवरच्या पेपरवाल्याजवळ लोक तेच बोलत होते. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, कोणाला तरी भेव वाटत असणार असं मनात आलं असेल. पिशवीतून चार संत्री काढून माझ्या ओंजळीत ठेवली. वरून डाग पडलेली, मऊ झालेली.

अकोटची गाडी लागली. मी त्यांना चढवलं, खिडकीजवळ जागा मिळाली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि सगळा फलाट थरथरू लागला. सिस्टर खिडकीतून काही तरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. मी जवळ गेले, मान वर केली.

"काय म्हणता?"

त्यांनी खिडकीतून बाहेर वाकून, हात तोंडाशी धरून पुन्हा सांगितलं.

"संत्रे आजच खाय वं! उद्यापर्यंत नाई राह्यनार."

गाडी हलली. फलाट सोडून फाटकाकडे वळली तरी त्या खिडकीतून मागे वळून पाहत होत्या, मी खाते की नाही ते. म्हणून मी तिथल्याच बाकावर बसले आणि एक संत्रं सोललं.